नाला शहराचा, भुर्दंड वावराला



मारेगावच्या शिवेवर वावरात लेआऊट पडला की पावसाचा हिशेब बदलतो. काळी माती पाणी पीत होती. छपरे आणि सिमेंटचे रस्ते पीत नाहीत. ते पाणी एकदम नाल्यात उतरते, धुरा फोडते, खालच्या वावरात साचते. मूळ गुदमरून पऱ्हाटी पिवळी पडते. नफा प्लॉटवाल्याचा, तोटा शेतकऱ्याचा.

नियम नाही असे नाही. 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली नगरपंचायतींनाही लागू आहे. नाल्यापासून 9 मीटर आणि नदीपासून 15 मीटरच्या आत बांधकामाला ती मनाई करते. पण त्या 9 मीटरने घर वाचते, वावर वाचत नाही.

23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात नाग नदी घराघरांत शिरली, तेव्हा बचाव पथके धावली. वावरात शिरलेले पाणी कोण मोजतो?

म्हणून नियम सुधारा. लेआऊटचे पाणी कुठे आणि किती सुटणार, हे मंजुरीआधी नकाशावर दाखवा. वाढीव पाणी लेआऊटमध्येच जिरवा. खालच्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय मंजुरी नको. आणि नाल्याकाठचा पट्टा आमच्या वावरातून रुंद करायचा असेल, तर आधी जमिनीचा मोबदला मोजा. फुकट एक फूटही मिळणार नाही.