रानडुक्कर, रायफल आणि दुर्बीण: परवानगीच्या कागदावर नसलेला प्रश्न

खानापूर, चंदगड, आजरा, सत्तरी, सावंतवाडी. तालुके तीन राज्यांतले, पण भात पोटरीला आलं की तक्रार एकच. रात्री रानडुकरांचा कळप शेतात शिरतो. सकाळी रताळ्याचं शेत नांगर फिरवल्यासारखं उकरलेलं असतं, उसाची ताटं मोडून पडलेली असतात. पंचनामा, अर्ज, भरपाईसाठी हेलपाटे हे सगळं त्यानंतर. मग ग्रामसभेत मागणी होते ती बंदुकीची.

या मागणीत आता ‘स्कोप’ची, म्हणजे रायफलवर बसवायच्या दुर्बिणीची भर पडली आहे. परदेशातले शिकारीचे व्हिडिओ मोबाईलवर गावोगाव पोचले आहेत. लांबून एक गोळी आणि जनावर जागच्या जागी आडवं, हे दृश्य पाहिलं की वाटतं, आपल्याकडेही दुर्बिणीची रायफल आली तर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात कायदा, आपल्या शेतांची रचना आणि खुद्द दुर्बिणीचं काम या तिन्ही गोष्टी वेगळंच सांगतात.

कायदा काय देतो?

शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये पिकांच्या नुकसानीसाठी एक वाट ठेवलेली आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी आदेशाने रानडुक्कर मारण्याची परवानगी देऊ शकतो. मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं. त्याचं मटण वाटून घेणं हाही गुन्हाच.

गवा मात्र अनुसूची १ मध्ये आहे. त्याने कितीही ऊस खाल्ला तरी पिकाच्या नुकसानीसाठी त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल तरच विचार होतो, आणि तेव्हाही आधी पकडून किंवा बेशुद्ध करून हलवण्याचा पर्याय तपासावा लागतो. गव्याची बेकायदा शिकार केली तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे. राधानगरी ते भीमगड या पट्ट्यात एकाच उसात रात्री डुक्करही असू शकतं आणि गवाही. अंधारात हलणारी काळी आकृती कोणाची, हे ओळखण्यावर शेतकऱ्याची सुटका किंवा कोठडी अवलंबून आहे.

दुसरा कायदा बंदुकीचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणासाठी जी बंदूक सांगितली आहे ती ठासणीची. तेवढ्याने भागत नसेल तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. रायफल या तरतुदीत बसत नाही. रायफलच्या नळीत आतून पीळ कोरलेले असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि लांब जाते. दुर्बिणीचा खरा उपयोग अशा हत्यारावर. गुळगुळीत नळीतून छर्रे उडवणाऱ्या बंदुकीवर महागडी दुर्बीण बसवून नेम सुधारत नाही, कारण छर्रे मुळातच पसरतात.

म्हणजे शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या शेतकऱ्याच्या हातात कायद्याने जे हत्यार येतं, त्यावर दुर्बिणीला फारसं काम नाही. रायफल आणि दुर्बीण हा विषय उरतो तो रायफलचा वेगळा परवाना असलेल्या आणि वनखात्याने नेमून दिलेल्या मोजक्या नेमबाजांपुरता. गावाने आग्रह धरायचा तो या नेमबाजांच्या तयारीबद्दल.

मोठा आकडा, चुकीची निवड

रायफलची दुर्बीण विकत घेताना बहुतेकांची नजर आकड्यावर जाते. ६-२४×५० असं लिहिलेलं असलं की २४ पट मोठं दिसणार, म्हणजे चांगली, असा हिशोब होतो. यातला आधीचा आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो आणि शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. चारशे-पाचशे मीटरवरच्या कागदी लक्ष्यासाठी ही दुर्बीण ठीक आहे. आपल्याकडे डुक्कर दिसतं ते शेताच्या बांधावर, वीस ते साठ मीटरवर, तेही दिवेलागणीनंतर.

इतक्या जवळ जास्त पट हा अडथळा ठरतो. २४ पटीवर १०० मीटर अंतरावरचा जेमतेम दीड मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. ३० मीटरवर तो अर्ध्या मीटरच्याही आत येतो. नेमबाजाला दिसतात नुसते काळे केस. तो खांदा आहे की मागचा पुठ्ठा, पलीकडे पिलं आहेत की राखणीला आलेला माणूस, काही कळत नाही. त्याच ३० मीटरवर १-६×२४ ची दुर्बीण एक पटीवर ठेवली तर साधारण दहा-अकरा मीटर रुंदीचं शेत नजरेत राहतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. जनावर पळालं तरी नजरेतून सुटत नाही.

उजेडाचा हिशोबही साधा आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ५० भागिले २४ म्हणजे २ मिलिमीटरच्या आसपास. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते, वय वाढल्यावर ५ च्या आसपास. त्यामुळे २४ पटीवर संध्याकाळी चित्र काळवंडतं. साधी ४×३२ ची दुर्बीण ८ मिलिमीटरचा झोत देते, म्हणजे डोळ्याला घेता येईल त्याहून थोडा जास्तच. आपल्या शेतांसाठी कमी पटीची, रुंद दिसणारी आणि भिंगं स्वच्छ असलेली दुर्बीण उपयोगाची, ती यामुळे.

आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, डोळा आणि दुर्बीण यांतलं अंतर. रायफलचा धक्का मागे बसतो. डोळ्यापासून आठ-नऊ सेंटिमीटर अंतर नसेल तर दुर्बिणीची कड भुवईत घुसते. दुसरी, पाऊस. कणकुंबी किंवा आंबोलीच्या पावसाळ्यात, आतून नायट्रोजन भरून बंद न केलेली दुर्बीण ऐन वेळी धुरकट होते. तिसरी, बसवणी. आपल्याकडे अनेक परवानाधारकांकडे ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली जुनी .३१५ रायफल आहे. ती उघड्या नेमासाठी घडवलेली आहे. तिच्यावर दुर्बीण बसवायला वेगळी बैठक करून घ्यावी लागते. ती बैठक केसभर हलली तरी नेम हलतो आणि वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही.

उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीचीही चर्चा असते. ती अंधारात काहीतरी गरम आहे हे दाखवते. दाट उसाच्या पाल्यातून तीही आरपार पाहू शकत नाही. पाल्याआडून दिसणारा उजळ ठिपका डुकराचा, वासराचा की उकिडव्या बसलेल्या माणसाचा, हे तिच्या भरवशावर ठरवून चाप ओढणं म्हणजे जुगार.

नेम माणसाचा

कोल्हापूरच्या मातीने या विषयात देशाला बरंच दिलं आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. या स्पर्धांत रायफलवर मोठं दाखवणारी दुर्बीण लावताच येत नाही. बारीक भोकातून पाहून नेम धरावा लागतो. पन्नास मीटर हे अंतर आपल्या बांधावरच्या अंतराएवढंच. तिथे पदक मिळतं ते सरावाने, श्वासावरच्या ताब्याने आणि चापावरच्या बोटाने.

दुर्बीण त्या बोटाची जागा घेत नाही. ती नेमका ठिपका दाखवते. गोळी त्याच ठिपक्यावर जाते की नाही, हे आधी कागदावर गोळ्या झाडून जुळवून घ्यावं लागतं. बाजारातल्या अनेक दुर्बिणींत नेमाची चकती एक टिक फिरवली की १०० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर सरकते. म्हणजे दहा सेंटिमीटरची चूक काढायला चौदा टिका. हे जुळवणं रायफल, काडतूस किंवा बैठक बदलली की पुन्हा करावं लागतं. जीपमधून खड्ड्यांच्या रस्त्याने आलेली रायफल न तपासता थेट शेतात वापरली तर चुकलेल्या गोळीचा दोष दुर्बिणीला देता येणार नाही.

आणि चुकलेली गोळी कुठेतरी जातेच. रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. आपल्याकडे दोन वाड्यांमधलं अंतर अनेकदा त्याहून कमी असतं. म्हणून मचाणावरून खालच्या दिशेने, मागे माती असेल तेव्हाच गोळी झाडायची, हा नियम दुर्बिणीच्या निवडीहून मोठा. दुर्बिणीतून ‘काय हलतंय’ हे शोधायचंही नसतं, कारण शोधताना नळी त्याच दिशेला रोखलेली असते. शोधायला हातातली वेगळी दुर्बीण किंवा विजेरी वापरायची.

सीमेवर जखमी जनावर

बिहारमध्ये जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. केरळने २०२२ मध्ये वेगळा मार्ग घेतला. रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले. विष, स्फोटकं आणि विजेचा प्रवाह वापरायला मनाई ठेवली. निर्णय गावाजवळ आला, पण गोळी झाडायला परवानाधारक आणि हात बसलेला माणूस लागतोच. तो गावोगाव नसतो.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. कलम ११ ची परवानगी त्या त्या राज्यापुरती. शस्त्र परवान्यालाही क्षेत्राची मर्यादा असते. खानापूरच्या हद्दीत पोटात गोळी लागलेलं डुक्कर ओढा ओलांडून चंदगडात किंवा सत्तरीत गेलं तर नेमबाजाला हत्यार घेऊन त्याच्या मागे जाता येईलच असं नाही. जखमी डुक्कर झुडपात दबा धरून बसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे काजू वेचायला, गवत कापायला किंवा ऊसतोडीला गेलेल्या बाईला ते आधी गाठतं. कच्च्या नेमाची किंमत अशी तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते, आणि तीही दुसऱ्या राज्यात.

बंदूक नको म्हणून शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडणं हाही उपाय नाही. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तेव्हा पीक उभं असलं तरी. सगळ्या वाटा बंद झाल्या की कोणी कुंपणात वीज सोडतो, कोणी गावठी बॉम्ब पेरतो. त्यात डुकरापेक्षा शेजाऱ्याचं ढोर किंवा पोर जाण्याची भीती मोठी. नेमका नेम असलेला, तपासलेला, जबाबदार नेमबाज हा त्या तारेपेक्षा कितीतरी बरा पर्याय आहे. अट एवढीच की तो खरोखर तपासलेला असावा.

मागायचं काय?

वन्यजीव कायद्याचं कलम ११ ‘कोणत्याही व्यक्तीला’ परवानगी देता येते असं म्हणतं. त्या व्यक्तीचा नेम कसा, हत्यार कोणतं, त्यावरची दुर्बीण जुळवलेली आहे का, याबद्दल कलमात शब्द नाही. ही पोकळी भरायला संसदेत जाण्याची गरज नाही. लेखी आदेशातच अटी घालता येतात.

परवानगी देण्याआधी नेमबाजाने ५० मीटरवर, संध्याकाळच्या उजेडात, सलग पाच गोळ्या ताटलीएवढ्या गोलात मारून दाखवाव्यात. रायफल आणि दुर्बीण कोणती, कधी तपासली, याची नोंद आदेशाला जोडावी. गोळी झाडायची जागा आधी पाहून ठरवावी आणि त्या रात्री आसपासच्या वाड्यांना दवंडी द्यावी. बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्याच्या वनाधिकाऱ्यांनी एकमेकांचे फोन क्रमांक तरी आदेशावर छापावेत, म्हणजे जखमी जनावर हद्द ओलांडून गेलं तर पलीकडच्या गावाला त्याच रात्री कळेल.

डुकरांच्या हंगामाआधी भरणाऱ्या ग्रामसभांमध्ये ‘बंदूक द्या’ या एका ओळीच्या ठरावाऐवजी या चार अटींसह ठराव गेला, तर अधिकाऱ्याला नाही म्हणणं अवघड जाईल. आणि परवानगी मिळालीच, तर त्या रात्री पलीकडच्या बांधावर राखणीला बसलेल्या शेतकऱ्यालाही आपण सुरक्षित आहोत एवढा भरवसा राहील.