याला जुगाड म्हणू नका

माझा ट्यूब अ‍ॅम्प पहिल्यांदा नीट वाजला त्या संध्याकाळी तीन मित्र घरी आले होते. आतला नवा ट्रान्सफॉर्मर जुन्या मोंढ्याजवळ मोटारी भरणाऱ्या चाचांनी बनवलाय, हे ऐकून एकाने पाठीवर थाप मारली. “भारी जुगाड केलास भावा!” त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी तो शब्द मला लागला. का लागला ते सांगतो.

अ‍ॅम्पचं किट मामाने न्यू जर्सीहून बॅगेतून आणलं होतं. फेंडरच्या जुन्या चॅम्पवर बेतलेलं सर्किट: एक १२एएक्स७, एक ६व्ही६, एक ५वाय३. तीन ट्यूब आणि जेमतेम पाच वॅट. अडचण एकच होती. पॉवर ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतला, १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. आपल्या भिंतीतून येतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

काही किटमध्ये प्रायमरीची दोन वाइंडिंग असतात. समांतर जोडली की १२० व्होल्ट, एकापुढे एक जोडली की २४०. जोडताना एकाचं तोंड उलटं झालं तर फ्यूज उडतो, पण नीट जोडलं तर काम दहा मिनिटांचं. माझ्या नशिबी एकच वाइंडिंग होतं. ज्याला विचारावं तो म्हणे, “स्टेप-डाऊन लाव ना, त्यात काय!” मी ११० व्होल्टचा डबा आणून लावला. अ‍ॅम्प वाजला. आठ दिवसांत ट्रान्सफॉर्मर हात लावू देईना. मेमधल्या एका रात्री वार्निश जळल्याचा वास आला आणि सगळं गप्प झालं.

स्टेप-डाऊनचा डबा व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही. आणि गाभ्यातलं चुंबकत्व ठरतं व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सीवर. १२० भागिले ६० म्हणजे २. ११० भागिले ५० म्हणजे २.२. दहा टक्के जास्त, तेही भिंतीत नेमके २३० असतील तेव्हा. लाइन २५० वर चढली की वीस टक्के. काटकसरीने बनवलेला गाभा तेवढ्याने भरून जातो, प्रायमरी भरमसाट करंट ओढते आणि तापत राहते.

हे समीकरण मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पाठ केलं होतं. ते लिहून मार्कही मिळवले होते. डबा विकत घेताना मात्र ते एकदाही आठवलं नाही.

चाचांनी जळालेला ट्रान्सफॉर्मर हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “कितने सायकल का है?” सायकल म्हणजे हर्ट्झ, हे कळायला मला क्षणभर लागला. ज्या आकड्यावर मी आपटलो होतो, तिथूनच त्यांनी सुरुवात केली होती.

त्यांचं आयुष्य शेतकऱ्यांच्या मोटारी भरण्यात गेलंय. मराठवाड्यात मोटार जळणं ही बातमी नसते. दाब कमी आला, तीनातला एक फेज गेला, की मोटार जळते आणि गाडीवर बांधून शहरात येते. पीक उभं, पाणी बंद, त्यामुळे लगेच भरून हवी असते. ज्याला आपल्या लाइनचा स्वभाव कळत नाही, त्याचं दुकान इथे टिकत नाही.

चाचांनी पट्ट्या काढल्या, तार उलगडत वेढे मोजले. ६.३ व्होल्टच्या हीटरला २२ वेढे. म्हणजे एका व्होल्टला साडेतीन. पन्नास सायकलसाठी वीस टक्के वाढवून ४.२. म्हणजे २३० व्होल्टच्या प्रायमरीला ९६६ वेढे. व्होल्टेज जवळपास दुप्पट झाल्याने करंट निम्मा, म्हणून प्रायमरीची तार बारीक चालेल. पण प्रत्येक वाइंडिंगचे वेढे वाढणार. “इसमें नहीं बैठेगा. बड़ी स्टॅम्पिंग लेनी पड़ेगी.” मग मोठ्या गाभ्यावर सगळा हिशोब पुन्हा, वहीच्या मागच्या पानावर.

आता सांगा, यात जुगाड कुठे आहे? मोजणी आहे, गुणोत्तर आहे, जागेचा अंदाज आहे, आणि पहिलं उत्तर जुळलं नाही म्हणून मांडलेलं दुसरं आहे. हेच एखाद्या कंपनीच्या पीडीएफमध्ये असतं तर आपण त्याला डिझाइन म्हटलं असतं.

१९६२-६३ मध्ये लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी हेच केलं. फेंडरचा अमेरिकन बेसमन समोर ठेवला आणि इंग्लंडमध्ये मिळणारे ट्रान्सफॉर्मर, इंग्लंडमधले सुटे भाग वापरून आपला अ‍ॅम्प बनवला. त्याला जग ‘मार्शल साउंड’ म्हणतं. जुगाड कुणी म्हणत नाही.

चाचांना सगळंच येतं, असं मी म्हणत नाही. माझ्या अ‍ॅम्पच्या हाय व्होल्टेज वाइंडिंगच्या दोन टोकांत ६५० व्होल्ट असतात, शिखराला नऊशेच्या वर. त्यासाठी मी कागदाचे थर वाढवायला सांगितले. कारण विचारून त्यांनी ते वाढवले. त्यांच्या टेस्टिंगच्या बोर्डाला अर्थिंग नव्हतं, आणि मी त्यावर अ‍ॅम्प लावायला नकार दिला. गिटारची तार चासीला जोडलेली असते, म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं चासीवरच असतात. दोन अँपिअरचा फ्यूज मी एकवर आणला. आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट उरू शकतात, हे न विसरणं ही माझी जबाबदारी होती. पुस्तकातलं ज्ञान फुकट नसतं. पण दोघांपैकी एकालाच इंजिनिअर म्हणायचं आणि दुसऱ्याच्या कामावर हसून लाइक द्यायचा, ही वाटणी कुणी ठरवली?

‘जुगाड’ म्हटलं की दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे दाम पडतो. चाचांनी १४०० सांगितले, मी घासाघीस करून १००० दिले. त्याच संध्याकाळी मित्रांसाठी त्याहून महाग पिझ्झा मागवला, तिथे एक रुपयाही सोडवून घेतला नाही.

दुसरी गोष्ट अशी की जुगाड कुणी लिहून ठेवत नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनत, हे या शहराला सांगायला नको. पिक्चर ट्यूब हीसुद्धा ट्यूबच, आणि तिच्यात हजारो व्होल्ट. ती न घाबरता, न मरता हाताळणारे मेकॅनिक गल्लोगल्ली होते. सपाट टीव्ही आले, दुकानांत मोबाइलची कव्हरं लागली, आणि त्यांना काय काय येत होतं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

चाचांचा मुलगा वाळूजला कंपनीत आहे. तो दुकानात बसणार नाही आणि त्याने बसावं असं चाचांनाही वाटत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना एक दिवस अशा दुकानात नेलं, आणि त्या दिवसाचं मानधन चाचांना शिक्षक म्हणून दिलं, तर कॉलेजचं काय बिघडेल? कॉलेज ऐकेल तेव्हा ऐकेल. मी येत्या रविवारी वही घेऊन जाणार आहे. त्यांचा वेढ्यांचा हिशोब त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायचाय. आणि चारशे रुपये द्यायचे राहिलेत.