टँकरचा हिशेब टनामागे करा

टँकर रोज चाळीस-पन्नास टन इंधन जाळतो, म्हणून तो ट्रकपेक्षा घातक, हा गिरगावच्या पत्रलेखकांचा निष्कर्ष मला मुळीच पटला नाही. आकडा बरोबर आहे, भागाकार राहून गेला आहे.

दीड लाख टन कच्चे तेल घेऊन १३ नॉट वेगाने जाणारे जहाज दिवसाला ४५ टन इंधन जाळते असे धरा. एक टन जड इंधनातून ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे टन-किलोमीटरमागे दीड-दोन ग्रॅम. परतीची रिकामी फेरी धरली तरी तीन-चार. ट्रकचा आकडा याच्या कितीतरी पट आहे. मंदगती टू-स्ट्रोक इंजिन इंधनातली जवळपास निम्मी ऊर्जा कामी लावते. वेग दहा टक्के उतरवला, तर लागणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते.

तक्रार करायचीच तर मोजमापाची करा. २०२३पासून लागू झालेली जहाजांच्या कार्बन उत्सर्जनाची 'ए' ते 'ई' ही श्रेणी अंतर आणि जहाजाची वहनक्षमता बघते. टाक्यांत माल किती होता, हे विचारतच नाही. त्यामुळे रिकामे, हलके धावणारे जहाज कागदावर चांगले ठरते. उलट जवाहर द्वीपाच्या धक्क्यावर बॉयलर पेटवून, वाफेच्या पंपांनी माहुलच्या रिफायनऱ्यांसाठी तेल उपसणारे जहाज अंतर न कापता इंधन जाळते; त्यातला काही भाग हिशेबातून वजा करता येत असला, तरी उरलेल्यामुळे त्याचे गुण कापले जातात. हा अन्याय आहे. नौवहन महासंचालनालयाने प्रत्यक्ष मालावर काढलेले आकडे जहाजवार जाहीर करावेत, ही माझी कळकळीची मागणी आहे.

— एक निवृत्त मरीन इंजिनिअर, लालबाग