एका आकड्यावरून आयुष्य ठरत नाही

रक्तातील सीए-१२५ या प्रथिनाचा आकडा पाहिला की बीजांडकोशाच्या कर्करोगात रुग्ण किती जगेल ते कळते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत रुग्णांना नाहक धास्तावणारे आहे. हे प्रथिन पोटाच्या क्षयात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, अगदी मासिक पाळीतही वाढते. निदानावेळच्या आकड्यापेक्षा केमोथेरपीच्या पहिल्या १०० दिवसांत तो किती वेगाने उतरतो, हे अधिक बोलके असते. आजाराचा टप्पा आणि शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या गाठी यांचे महत्त्वही मोठे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात (२०२१) हा आजार लवकर शोधण्यासाठी केलेल्या सीए-१२५ च्या वार्षिक तपासणीनेही त्यामुळे होणारे मृत्यू घटले नाहीत. म्हणून रिपोर्ट हाती येताच खचू नका. त्याचा अर्थ कर्करोगतज्ज्ञांकडूनच समजून घ्या.
– एक वाचक, पुणे