बॉनेट आपणच उघडू या

संघटनेसाठी गाडी घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न पैशांचा येतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: ‘गाडी बघणार कोण?’ पहिल्या प्रश्नावर आपण चार बैठका घेतो. देणग्या किती, उसने किती, दर महिन्याला डिझेलला किती, सगळा हिशोब फळ्यावर मांडतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र दोन मिनिटांत मिळतं. कुणाचा तरी नवरा, कुणाचा भाऊ, कुणाचा ‘गाड्यांतलं सगळं कळणारा’ मेहुणा. तो जातो, बॉनेटवर थाप मारतो, एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, ‘घ्या डोळे मिटून.’ आणि आपण खरोखरच डोळे मिटून घेतो.

जुनी गाडी पारखण्याचं काम आपण स्वतः केलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे वाचतील म्हणून तर खरंच, पण त्याहूनही मोठं कारण म्हणजे ज्या वस्तूबद्दलचं ज्ञान दुसऱ्याच्या हातात असतं, ती वस्तू नावावर असली तरी पुरती आपली होत नाही.

गाडी ही आपल्यासाठी चैन नाही, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. शेवटची एसटी निघून गेल्यावर येणारा फोन आपण सगळ्यांनी घेतला आहे. मारहाण झालेली बाई पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली असते, तिला दवाखान्यात न्यायचं असतं, आणि भाड्याच्या जीपचा मालक तिच्या सासरच्यांच्या ओळखीचा निघतो. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा पुस्तकात आहे, पण तो त्या बाईपर्यंत पोचायला चार चाकं लागतात. रस्ते खड्ड्यांचे, वाड्या-तांडे आडवाटेला. म्हणून जमिनीपासून वीस सेंटिमीटरच्या आसपास उंच असलेली छोटी एसयूव्ही सोयीची. नवी परवडत नाही, म्हणून आठ-दहा वर्षं वापरलेली. डस्टर, इकोस्पोर्ट, ब्रेझा अशा गाड्या आम्हीही गेल्या वर्षी दोन महिने पाहत होतो. त्या अनुभवातूनच हे लिहिते आहे.

‘बाईला गाडीतलं काय कळतं?’ हा प्रश्न आम्हाला वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळाला. एका विक्रेत्याकडे आम्ही तिघी गेलो होतो, सोबत गाडी चालवणारा एक तरुण कार्यकर्ता होता. प्रश्न आम्ही विचारत होतो आणि उत्तरं त्याला मिळत होती. आम्हाला दाखवलं गेलं ते सीटचं कव्हर, गाणी लावायची सोय आणि रंग. या माणसाला दोष देऊन मी थांबणार नाही. मुलगा दहा वर्षांचा झाला की गॅरेजमध्ये उभा राहून बघतो, पाना हातात धरतो. मुलीला तिथे उभं राहू दिलं जात नाही. वीस वर्षांनी आपण म्हणतो, पुरुषांना यंत्रातलं उपजत कळतं. यात उपजत काय आहे? एकाला शिकू दिलं, दुसरीला शिकू दिलं नाही, एवढंच.

आणि आपण तर असं ज्ञान मिळवण्यात मुरलेल्या बायका आहोत. पंचनामा वाचायला आपल्याला कुणी शाळेत शिकवलं होतं? सातबाऱ्यावरचा बोजा, वैद्यकीय अहवालातली जखमेची नोंद, फिर्यादीतला गाळलेला शब्द, हे सगळं आपण चुकत-माकत, विचारत-विचारत शिकलो. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये बायकांनी एकत्र बसून आपल्या शरीराची माहिती स्वतः जमवली, तिचं पुस्तक केलं, आणि डॉक्टरच्या टेबलासमोर गप्प बसायचं नाकारलं. आपल्याकडच्या आरोग्य गटांनीही तेच केलं. गाडी तर शरीराच्या मानानं फारच सोपी. तिची हत्यारं म्हणजे एक वही, एक बॅटरी, एक लोहचुंबक आणि दिवसाउजेडीचे दोन तास.

सुरुवात कागदापासून करावी, कारण कागद वाचण्यात आपला हात कुणी धरणार नाही. आरसीवरचा इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. कोरीव भागाभोवती घासल्याच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरावं. सातबाऱ्यावर असतो तसा आरसीवरही बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटलं असं तोंडी सांगणं पुरेसं नाही. बँकेचं पत्र आणि नमुना ३५ घेऊन तो बोजा उतरवलेला असायला हवा. सरकारच्या एमपरिवहन अॅपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची आणि विम्याची मुदत दिसते. थकलेले ई-चलान तपासावेत. गाडी कितव्या मालकाकडे आहे, आधी भाड्यानं चालत होती का, हे विचारावं.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०१३ सालची गाडी घेतली तर २०२८ मध्ये तपासणी करून, शुल्क भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागेल. तो खर्च आजच्या किमतीत धरायचा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, त्याचंही कारण पाहावं. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती कायम ठेवली. तेव्हापासून तिकडच्या कितीतरी गाड्या इतर राज्यांच्या बाजारात आल्या. अशी गाडी घेताना तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला लागतो आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. हे धरून ती खरंच स्वस्त पडते का?

मग पत्रा. गाडी धुतलेली, कोरडी आणि उन्हात उभी पाहावी. संध्याकाळी किंवा पावसात पाहूच नये. दारं, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? एका दाराचा रंग किंचित वेगळा दिसतो का? लोहचुंबक पत्र्याला धरून फिरवावं. जिथे ते नीट चिकटत नाही तिथे आत जाड पुट्टी भरलेली असू शकते. बंपर प्लॅस्टिकचे असतात, तिथे हा प्रयोग करू नये. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल, तर ते कधीतरी उघडले गेले आहेत. का, ते विचारावं. पायाखालचं मॅटिंग उचलून ओल आणि गंज बघावा. स्टेपनीच्या खड्ड्यात बॅटरी मारावी. पुरात बुडालेली गाडी अत्तर फवारून विकली जाते, पण सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की त्याच्या टोकाला चिखलाची रेघ सापडते.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. ‘टायर नवेच आहेत’ या वाक्याची परीक्षा एवढ्यानं होते. मीटरवर पन्नास हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग झिजून चकाकणारं, तर मीटर मागे फिरवलेलं असण्याची दाट शक्यता. अधिकृत सर्व्हिस केंद्रातल्या जुन्या नोंदी मागाव्यात. त्यांवर दर वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात.

इंजिन नेहमी थंड असताना सुरू करायला लावावं. आपण पोचण्याआधीच ते गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. जोर दिल्यावर भकाभक काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत शिरत असण्याचा संशय घ्यावा. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय दिसली तरी तोच संशय. चालवून पाहताना चढावर, खड्ड्यांत आणि मोकळ्या रस्त्यावर, तिन्ही ठिकाणी चालवावी. वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच गेला.

आणखी दोन गोष्टी. डस्टरच्या दीड लिटर डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, जुन्या डिझेल ब्रेझात साखळी असते. बेल्टचं आयुष्य किलोमीटरवर असतं तसं वर्षांवरही असतं. तो चालू गाडीत तुटला तर इंजिनच कामातून जातं. म्हणून ‘गाडी फार फिरलेलीच नाही’ हे ऐकून खूश न होता बेल्ट बदलल्याची पावती मागावी. आणि भाग कुठे मिळतील? फोर्डनं भारतातलं मोटार-उत्पादन थांबवत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं. इकोस्पोर्ट घ्यायची तर आधी आपल्या तालुक्याच्या गावातल्या गॅरेजमध्ये विचारून यावं.

आता ज्या गोष्टी गाडी बघायला गेलेला मेहुणा कधीच बघत नाही, त्यांच्याकडे येऊ. तो स्वतःच्या उंचीनं सीटवर बसतो. गाडी मात्र पाच फूट उंचीची आपली मैत्रीण चालवणार असते. क्लच तळापर्यंत दाबताना तिला पुढे सरकावं लागतं का? सीटची उंची बदलता येते का? पट्टा खांद्यावरून जातो की गळ्यावरून? मागच्या सीटवर नऊवारीतल्या आजीला पाय उचलून चढता येतं का?

हे प्रश्न किरकोळ नाहीत. गाड्यांच्या धडक-चाचण्या दशकानुदशकं सरासरी पुरुषाच्या मापाचा पुतळा बसवून झाल्या. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की सारख्याच प्रकारच्या अपघातात पट्टा लावलेल्या स्त्री-चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुष-चालकापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त होती. सरासरी स्त्रीच्या शरीराचा धडक-पुतळा स्वीडनमधल्या अॅस्ट्रिड लिंडर या संशोधिकेच्या गटानं २०२२ मध्ये पुढे आणला. तोवर आपण हिशोबातच नव्हतो!

म्हणून एअरबॅगच्या बाबतीत तडजोड नको. चालकापुढची एअरबॅग आपल्याकडे नव्या गाड्यांत सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या गाडीत ती असेलच असं नाही. ग्लोबल एनकॅपनं २०१७ मध्ये तपासलेल्या बिनएअरबॅगच्या डस्टरला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले, आणि चालकापुढे एअरबॅग असलेल्या डस्टरला तीन. नाव एकच, गाडी दिसायलाही तीच. म्हणून नुसतं नाव न विचारता नेमका प्रकार विचारावा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा न बसवता दिवाच काढून टाकलेला असू शकतो. आम्ही एक देखणी गाडी केवळ या न लागणाऱ्या दिव्यामुळे नाकारली. ‘मॅडम, वायर सैल असेल,’ असं सांगण्यात आलं. वायर जोडून दिवा दाखवा म्हटल्यावर विषय बदलला.

काही मैत्रिणी म्हणतील, हे सगळं मेकॅनिकला कळतं, त्याला पैसे देऊन मोकळं व्हावं. मेकॅनिक हवाच. विक्रेत्याशी संबंध नसलेला, आपण पैसे देऊन नेलेला. पण आपण वकील देतो म्हणून खटल्याचे कागद वाचायचं सोडतो का? काय तपासायचं हे ठाऊक असलेल्या बाईला मेकॅनिक नीट उत्तर देतो. आमच्याबरोबर आलेल्या मिस्त्रींनी तासाभरानं स्वतःहून गाडीखाली वाकून बघायला बोलावलं आणि गळती दाखवली. ज्ञान मागितलं की पुष्कळ माणसं देतात. आपण मागतच नाही.

शेवटचा प्रश्न नावाचा. १९९०च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत जमीन बायकोच्या नावावर करण्याचा आग्रह धरला गेला, कारण नावाशिवाय हक्क हवेत राहतो. मग गटाच्या पैशानं घेतलेली गाडी ‘सोयीसाठी’ कुणाच्या भावाच्या नावावर का ठेवायची? कायद्याच्या नजरेत मालक तोच. उद्या त्यानं विकली तर आपण काय दाखवणार? आणि उलटही आहेच. नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. कार्यकारिणीत ठराव करून गाडी संस्थेच्या नावावर घ्यावी. नमुना २९ आणि ३० सह्या करून लगेच आरटीओत द्यावेत, चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवावं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ‘पुढचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्याला ‘आम्हीच बघतो’ असं सांगावं.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटानं तिघींची एक पारख-समिती करावी. एकीनं कागद, दुसरीनं पत्रा आणि इंजिन, आणि जी पुढे गाडी चालवणार आहे तिनं सीटवर बसून पट्टा, पॅडल, दिवे. तिघींपैकी एकीलाही शंका असेल तर त्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत. ‘दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’ हे वाक्य ऐकून घ्यायचं आणि घरी यायचं. गाडी घेतल्यावर समिती मोडू नये. शेजारच्या तालुक्यातल्या गटाला गाडी घ्यायची असेल तेव्हा याच तिघींनी बॅटरी आणि लोहचुंबक घेऊन जावं, आणि त्यांच्यातल्या तिघींना शिकवून परत यावं.