पाण्याच्या हिशेबात आमचा हंडा कुठे?

'पाणी जपून वापरा' असं सांगायला वस्तीत कुणी आलं की आम्ही बायका एकमेकींकडे बघतो. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांडी विसळलेलं मोरीला, हे आम्हाला कुणी भाषणातून शिकवलेलं नाही. सांगणाऱ्याच्या घरी मात्र गच्चीवर टाकी आणि अंगणात बोअर असते.

मी लातूरची. २०१६ सालचा उन्हाळा आठवतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर फोटो छापून आले. स्टेशनापासून आमच्या दारापर्यंतचा प्रवास मात्र कुणी छापला नाही. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा, घरटी दोनशे लिटर. घरात माणसं पाच. म्हणजे माणशी रोज पाच लिटर! शहरात नळाने पाणी देण्याचा सरकारी निकष आहे माणशी १३५ लिटरचा. मधली तूट कुणी भरली? बरीचशी भरलीच नाही. जी थोडी भरली ती बाईच्या कमरेने आणि झोपेने. रात्री दोनला कुणाच्या तरी बोअरवर नंबर लावायचा, सकाळी कामावर जायचं. मी स्वतः पाणी कमी प्यायचे, कारण संडासला जायचं म्हणजे पुन्हा पाणी. पाळीच्या दिवसांत काय केलं ते लिहायलाही लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे. तीन दिवस एकच कापड, नीट न धुता.

शहराच्या हिशेबात किती पाणी उचललं, किती शुद्ध केलं, किती गळालं हे आकडे असतात. जमिनीखालून किती उपसलं त्याचा आकडा नसतो, आणि बायकांनी किती वाहिलं त्याचा तर नाहीच. नळ आटला की सगळा भार या दोन बिनहिशेबी खात्यांवर पडतो.

आमच्या भागातला दगड काळा, बेसाल्टचा. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं, तेही पावसाने भरलं तरच. खाली समुद्र नाही. तरी ज्याच्याकडे पैसा तो सातशे फूट जातो आणि शेजारचा हातपंप ठणठणीत कोरडा पडतो. तिकडे शिवारात ऊस उभाच. त्याला कुणी 'जपून' म्हणत नाही.

एक कबुली द्यायला हवी. आमच्या संघटनेनेही हंडा मोर्चे काढून बोअरच मागितल्या. बोअर पडली की आम्ही नारळ फोडून घरी. पाणी कुठून येतं, किती उरलं, हे विचारलं नाही. चूक झाली.

कायदे आहेत. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खणायला मनाई केली होती. २००९ चा भूजल कायदा त्याहून व्यापक, २०१४ पासून लागू. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पण वस्तीतल्या बाईला तो आकडा कधी कळतो?

म्हणून या वेळी मोर्च्याच्या निवेदनात बोअर मागायची नाही, असं माझं मत आहे. वॉर्डातल्या प्रत्येक बोअरची नोंद, विहिरीच्या पातळीचा फलक पाण्याच्या टाकीपाशी, आणि टँकरचं वाटप ठरवताना वस्तीतल्या बायका हजर, एवढं मागू. पातळी मोजायला दोरी आणि खडा लागतो, पदवी नाही. आमच्या गल्लीतल्या दोघीजणी जुन्या आडाची पातळी मोजून वहीत लिहू लागल्या आहेत. वही तूर्त माझ्याकडे आहे. पुढच्या बैठकीला आणते.