सोनेरी सांध्याचे भाबडे रूपक

जपानी ‘किंत्सुगी’ला रूपक म्हणून मिळालेली प्रतिष्ठा बहुतांशी गैरसमजातून आलेली आहे. फुटलेल्या चहापात्राच्या भेगा सोन्याने सांधल्या जातात, सबब खंडित संहितेच्या भेगाही सौंदर्यमूल्य मानाव्यात, असा हा युक्तिवाद. त्यातील पहिलेच विधान चुकीचे आहे. सोने काहीही सांधत नाही. सांधतो तो उरुशी झाडाचा चीक: पिठात कालवलेला, दमट हवेत सावकाश कडक होणारा, सवय नसलेल्या हातावर पुरळ उठवणारा. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या या कामात सोन्याची भुकटी अगदी शेवटी, वरच्या ओलसर थरावर भुरभुरली जाते. रूपककारांनी नेमका तेवढाच थर उचलला आहे.

त्यांची आवडती उत्पत्तिकथाही तपासून पाहण्याजोगी आहे. पंधराव्या शतकात शोगुन आशिकागा योशिमासाने तडकलेले पात्र चीनला धाडले, ते धातूचे टाके घालून परत आले आणि त्या कुरूपतेला विटून जपानी कारागिरांनी सोनेरी सांधा शोधला, असे सांगितले जाते. ही कथा ज्या पात्राशी जोडली जाते ते ‘बाकोहान’ टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लोंगछ्वानच्या भट्टीत तेराव्या शतकात घडलेल्या या निळसर-हिरव्या झिलईच्या पात्रावर आजही टाकेच आहेत. त्याचे नावही त्या टाक्यांवरूनच पडले. इतो तोगाई या पंडिताच्या १७२७ मधील वृत्तांतानुसार योशिमासाने तसेच दुसरे पात्र मागितले होते. मिंगकालीन चीनमध्ये त्या तोडीचे मिळेना, म्हणून टाके घालून तेच परत पाठवण्यात आले. या टाक्यांमुळे पात्राचे मोल घटले नाही, उलट वाढले.

होनामी कोएत्सूच्या (१५५८–१६३७) ‘सेप्पो’ या लाल राकू पात्राचा दाखला द्यावा, तर त्यातील सोन्याने भरलेल्या भेगा भट्टीतच पडलेल्या. तेथे अपघातही नाही, जखमही नाही.

शिवाय सोने येत होते ते आधीच मोलाच्या ठरलेल्या पात्रांच्या वाट्याला. एदो काळात रोजच्या वापरातली चिनीमातीची भांडी काचेच्या भुकटीने सांधून भाजणारे कारागीर होते. त्यांच्या ‘याकित्सुगी’ची या रूपककारांना वार्ता दिसत नाही.

खंडित संहितेपुढे समीक्षेने विचारायचे असते ते हे की, भेग रचनेतच होती की नंतर पडली. ती कोणत्या संपादकाने, कशाने बुजवली. आणि सांधण्यासाठी हीच संहिता का निवडली गेली. ‘जखमेचे सौंदर्य’ एवढे म्हटले की यातले काहीच विचारावे लागत नाही, आणि या रूपकाच्या लोकप्रियतेचे कारण बहुधा तेच असावे.